कल्हई

रात्री साडेअकरा. सातपूरची दुसरी पाळी सुटून गेली,
खालच्या टपरीवाल्याने शटर ओढलं,
आणि माझ्या पडद्यावर थर एकेक करून चढतायत.
सात चढले. आठवा अडकलाय.

आमचं सॉफ्टवेअर एवढंसं आहे.
थंड ठेवायच्या जागेचं तापमान दर मिनिटाला टिपतं, बस्स.
त्याला किंमत नाही, म्हणजे विकायचंच नाही.
मी ते डब्यात भरून ठेवते
आणि सोबत त्याला लागेल ते सगळं,
मीठ, चमचा, काड्यापेटीसुद्धा.
कोणीही उचलावं, कुठेही उघडावं,
शेजाऱ्याकडे काही मागायला जावं लागू नये.

गेल्या महिन्यात चार हजार दोनशे वेळा उचललं, असं आकडा सांगतो.
कोणी, ते सांगत नाही.
मेल एकच आला, सुरगाण्याहून, देविदास गावितचा.
लसींच्या फ्रिजशेजारी त्याने तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवलाय.
‘ताई, तुमचा डबा आमच्या मशीनवर उघडत नाही.’

उघडेल कसा?
त्याची चिप वेगळ्या जातीची.
चार वर्षं मी माझ्यासारख्यांच्याच मशीनसाठी बांधत होते
आणि वर लिहीत होते: सर्वांसाठी.

शनिवारी आईचं पातेलं घेऊन तांबट आळीत गेले होते.
रज्जाकचाचांनी ते उजेडाकडे वाकडं धरलं.
‘बाहेरून चकचकीत ठेवलंय. आत कधी बघितलंत?’
आत हिरवट डाग, नखाएवढे.
मी म्हटलं, दोन वर्षं वापरलंच नाही हो.
ते भात्याला पाय लावत म्हणाले,
‘मग काय झालं? भांडं तेच राहतं. कल्हई राहत नाही.’

घरी येऊन मी आमचा डबा तपासणीला लावला.
एकतीस डाग.
एकही आमच्या हातचा नाही.
सगळे तळाच्या थरात,
दुसऱ्या कोणी, आणखी कोणावर तरी विसंबून बांधलेल्या,
जिथे मी चार वर्षांत वाकून पाहिलं नव्हतं.
आम्ही एक ओळ बदलली नव्हती
आणि तेवढ्यानेच जुने झालो होतो.

तेव्हापासून हेच चाललंय.
तळ बदलला. नको ते काढलं, डबा अर्ध्याने हलका झाला.
‘लेटेस्ट’ नावाची चिठ्ठी फाडून टाकली,
ती दर आठवड्याला वेगळ्याच डब्यावर जाऊन चिकटायची
आणि लोक तिच्या भरवशावर झोपायचे.
आता नुसता आकडा, आणि चौसष्ट अक्षरांचा ठसा.
आत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा ओळख देत नाही.

फाइलच्या दुसऱ्या ओळीत अजून लिहिलंय:
देखभाल, निनाद क्षेमकल्याणी.
हे सगळं त्याने सुरू केलं, कॉलेज रोडच्या एका खोलीत,
माझ्या लॅपटॉपवर, माझ्या चार्जरवर.
दोन वर्षं उत्तर नाही. त्याच्या सहीची किल्ली मार्चमध्ये संपली.
आज पहिल्यांदा माझी सही टाकली.
त्याची ओळ काढायला हवी.
काढेन.

एक वाजून दहा. माझी चिप त्याच्या चिपचं सोंग घेऊन बांधतेय,
आणि सोंगाला वेळ लागतो.
मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टरने एक उचकी दिली,
मी श्वास धरून बसले,
जणू मी श्वास सोडला तर वीज संपेल.

दोन वाजायला आठ मिनिटं. आठवा थर चढला.

सकाळी देविदासची एक ओळ:
‘उघडला. ४.१ अंश.’
नमस्कार नाही, आभार नाहीत. बरं वाटलं.

दुपारी पुन्हा तपासणी लावली.
दोन नवे डाग.
आणि पातेलं अजून चाचांकडेच आहे,
आणायचं राहिलंय.